उभयपदी

संस्कृत व्याकरणाने धातूंची तीन घराणी मानली आहेत. त्यांतील उभयपदी धातूंविषयी मला विद्यार्थिदशेपासून एक प्रकारचा आदर वाटत आला आहे. परस्मैपदी धातू आपल्या वाटेने जातो, आत्मनेपदी आपल्या वाटेने. उभयपदी मात्र प्रसंग पाहून रूप धारण करतो, आणि तेही लहरीने नव्हे. यजमान स्वतःच्या कल्याणासाठी यज्ञ करीत असेल तर ‘यजते’. दक्षिणा घेऊन दुसऱ्यासाठी करणारा ऋत्विज असेल तर ‘यजति’. क्रिया तीच, अग्नी तोच, तूपही तेच; फळ कोणाच्या पदरात पडते ह्यावर पद ठरते. पाणिनीने टिपलेला हा बारकावा पुढे ऑस्ट्रेलियातील फुटबॉलचा संघ निवडताना माझ्या उपयोगी पडेल, हे आमच्या शास्त्रीबुवांच्या स्वप्नातही आले नसते.

संघ निवडताना, असे मी म्हटले खरे. पण ज्यांना ह्या छंदाचा वारा लागलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करावयास हवा. माझा संघ कोठेही धावत नाही. मी येथे कोलकात्यात, सरकारी वसाहतीच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत बसून, मेलबर्न, ॲडलेड, पर्थ अशा मी कधीही न पाहिलेल्या शहरांतील तीस खेळाडूंची नावे एका यादीत मांडतो. ते प्रत्यक्ष सामन्यात जे काही करतील त्याचे गुण माझ्या खाती जमा होतात. किक मारली की तीन, एका हातावरचा चेंडू दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून सहकाऱ्याकडे धाडला की दोन, लांबून आलेली किक अधांतरी झेलली की तीन, प्रतिपक्षाला धरून अडवले की चार, गोल केला तर सहा. आणि पंचांनी आपल्याविरुद्ध फ्री किक दिली तर तीन वजा. सारे आयुष्य दुसऱ्यांचे जमाखर्च तपासण्यात घालवलेल्या माणसाला ह्याहून सात्त्विक करमणूक कोणती असणार? लीगतर्फे चालणारा ‘एएफएल फॅन्टसी’ हा ह्या छंदाचा एक प्रसिद्ध प्रकार, ‘सुपरकोच’ हा दुसरा. आमच्या घरगुती स्पर्धेत पहिला चालतो. स्पर्धेत आम्ही आठजण आहोत: मेलबर्नला स्थायिक झालेले आमचे चिरंजीव, सूनबाई, चिरंजीवांचे पाच मित्र आणि मी. वयाने सर्वांत वडील आणि मैदानापासून सर्वांत दूर, अशी माझी ख्याती आहे.

मूळ खेळ आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे, आणि रग्बीही नव्हे. मैदान क्रिकेटचेच, लंबवर्तुळाकार; चेंडू लांबट; प्रत्येक बाजूस अठरा गडी; दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, कडेच्या खांबांतून गेला तर एक. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहून, हिवाळ्यात क्रिकेटपटूंची शरीरे सुस्तावू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, अशी सूचना केली. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले. ज्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर विनू मंकडांनी १९४८ च्या जानेवारीत आणि पुन्हा फेब्रुवारीत शतक ठोकले, त्याच मैदानावर सप्टेंबरअखेर ह्या फुटबॉलचा अंतिम सामना भरतो. माझ्या मनात ते मैदान अद्याप मंकडांचेच आहे, पण हे मी आमच्या स्पर्धेत बोलून दाखवीत नाही.

मैदानावरील अठराजणांच्या जागा जुन्या काळापासून ओळीओळीने ठरलेल्या आहेत. आमच्या कागदी संघात त्या चार वर्गांत आटोपतात: बचावफळी, मधली फळी, रक आणि आघाडीची फळी. बचावाचे सहा, मधले आठ, रक दोन आणि आघाडीचे सहा, असे बावीस गडी मैदानात. उरलेले आठ बाकावर. रक म्हणजे संघातील ताडमाड गडी. पंचाने चेंडू वर उडवला की दोन्ही बाजूंचे रक त्याच्यासाठी झेपावतात आणि टोला मारून तो आपल्या माणसांकडे उतरवतात. प्रत्येक खेळाडूवर हंगामाच्या आरंभी त्याच्या जागेचा शिक्का बसतो. तो कोठे खेळणार आहे ह्यावरून नव्हे, तर मागल्या हंगामात तो कोठे खेळला ह्याच्या नोंदीवरून. बहुतेकांना एकच शिक्का मिळतो. काही थोड्यांना दोन मिळतात: बचाव आणि मध्य, मध्य आणि आघाडी, रक आणि आघाडी. हेच माझे उभयपदी.

नवखा मनुष्य अशा गड्याला अष्टपैलू समजतो आणि तेथेच त्याचा हिशेब चुकतो. अष्टपैलूची कमाई दोन्ही खात्यांत जमा होते. १९५२ साली लॉर्ड्‌सवर मंकडांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि वर इंग्लंडच्या पहिल्या डावात पाच बळी घेतले. त्या धावाही मोजल्या गेल्या आणि ते बळीही. आमच्या उभयपदी गड्याला दोन शिक्के असले तरी एका वेळी तो एकाच फळीत उभा असतो, आणि त्याची एक किक म्हणजे तीनच गुण. दुसऱ्या शिक्क्यापायी त्याच्या स्वतःच्या खात्यात कवडीची भर पडत नाही. मग त्याचे मोल कशात? ते कळायला मला जवळजवळ एक हंगाम लागला, आणि कळल्यापासून ह्या छंदाकडे पाहण्याची माझी दृष्टीच पालटली.

मोलाचे पहिले कारण सोपे आहे, ते दुर्भिक्षाचे. चेंडू जेथे सर्वाधिक वेळ घुटमळतो तेथे गुण साचतात, आणि तो घुटमळतो मधल्या फळीच्या पायांत. आघाडीचा वीर एका झेलीसाठी वीस मिनिटे ताटकळतो. त्याने गोल केला की मैदान दणाणते, पण वहीत त्याच्या नावे गोलाचे सहाच गुण लागतात. तेवढ्यात मधल्या फळीतील एखादा अप्रसिद्ध गडी दोन किका आणि एक झेल एवढ्या भांडवलावर नऊ गुण घेऊन पुढे सरकलेला असतो. त्यामुळे शंभराची सरासरी राखणारे मधल्या फळीत पुष्कळ, आघाडीत विरळा. अशा वेळी प्रत्यक्षात मधल्या फळीत राबणारा, परंतु मागील सालच्या नोंदीमुळे आघाडीचाही शिक्का बाळगणारा गडी मिळाला, तर त्याला डोळे मिटून आघाडीत बसवावे. तो मध्ये ठेवला तर पुष्कळांतला एक. आघाडीत ठेवला तर गावात एकच वैद्य असावा तसा. ह्यात फारशी बुद्धी लागत नाही. आमच्या स्पर्धेतील आठहीजण हे करतात, आणि सर्वांनीच केल्यामुळे त्याचा लाभ कोणालाच होत नाही.

खरी खुबी निराळीच आहे. समजा, शनिवारी सकाळी चहाच्या वेळी बातमी येते की बचावातील माझा भरवशाचा गडी मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे बसणार आहे. (मेलबर्नचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापुढे साडेचार तास असते, त्यांची दुपार ती माझी सकाळ.) बचावाच्या बाकावर दोन कोवळी पोरे बसलेली, त्यांना त्या आठवड्यात त्यांच्या संघांनी घेतलेलेच नाही. उलट मधल्या फळीच्या बाकावर एक चांगला कमावता गडी रिकामा आहे, पण त्याला बचावाचा शिक्का नाही. आता मैदानातील माझ्या आठ मधल्या गड्यांपैकी एकाला बचावाचाही शिक्का असेल तर तो मागे जाऊ शकतो आणि बाकावरचा पुढे येऊ शकतो. मात्र फळ्यांची बेरीज कायम राहिली पाहिजे. बचावात एक आला तर बचावातून एकाने मध्ये गेले पाहिजे, आणि त्यालाही दोन शिक्के असले पाहिजेत. येथे त्या कोवळ्या पोरांतील एकाची आठवण होते. त्याची किंमत अगदी किरकोळ, गुण शून्य, त्या दिवशी तो प्रेक्षकांत बसून भजी खात असण्याचा संभव. पण त्याच्या नावापुढे ‘बचाव’ आणि ‘मध्य’ असे दोन शब्द आहेत. तो मुकाट्याने मधल्या फळीच्या बाकावर जाऊन बसतो. त्याने जागा सोडली म्हणून मधला बचावात गेला. मधला गेला म्हणून बाकावरचा मैदानात आला. आणि संध्याकाळी माझ्या वहीत ऐंशी गुण जास्त लागले. ते ऐंशी गुण केले कोणी? नोंद बाकावरच्या गड्याच्या नावे आहे. पण सारे घडवले ते ज्याला चेंडूचा स्पर्शही झाला नाही त्या पोराने. यजति, यजते नव्हे!

ह्या अदलाबदलीला खेळणारे ‘स्विंग’ म्हणतात. तिच्यावर माझे काही सिद्धान्त बसले आहेत. ते सांगण्याचा मोह आवरत नाही, तरी वाचकांनी एक परिच्छेदभर सोसावे. उभयपदी पुष्कळ असून उपयोग नाही. ते कोठे उभे आहेत ह्याला महत्त्व आहे. एकाच फळीत असे पाच गडी कोंबले तर ते एकाच बाजूला बिजागऱ्या ठोकलेल्या दारासारखे, चौकटीला काही नाही. दोन फळ्या जोडायच्या तर दोन्हींत एकेक हवा, आणि त्यांतला एक स्वस्तातला असला तरी भागते. खरेदी-विक्रीच्या वेळी मात्र एकच पुरतो, कारण विकलेल्याची जागा रिकामी असते: बचावाचा विकून मधला घ्यावयाचा असेल तर उभयपद्याला मध्यातून बचावात ढकलावे आणि नव्याला मध्ये घ्यावे. तिसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक गड्याच्या नावाला त्याचा सामना सुरू होताच कुलूप पडते, मग त्याला कोणी हलवू शकत नाही. गुरुवारी रात्री खेळणारा उभयपदी गुरुवारी रात्रीच एकपदी होतो. म्हणून होता होईतो रविवारी उशिरा खेळणारा घ्यावा. तीन दिवस तो मोकळा राहतो आणि त्याच्या मोकळेपणात माझे सारे बेत मोकळे राहतात. हंगामाच्या मध्यास एकेका आठवड्यात काही संघांना विश्रांती असते. त्या दिवसांत बावीस जणांची भरती पुरी करताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. ज्याने पेरणीच्या वेळी हे दुहेरी बियाणे टाकलेले असते तो तेव्हा कापणी करतो.

रकचा प्रकार ह्याहून नाजूक. मैदानात जागा दोनच, आणि बाकावरचा रक बहुधा नावापुरता. म्हणून आघाडीत एक असा गडी ठेवतात की ज्याला रकचाही शिक्का आहे. ल्यूक जॅक्सन हा २०२२ च्या अखेरीस मेलबर्नचा संघ सोडून फ्रीमँटलला गेला तेव्हा तेथे शॉन डार्सी हा मुख्य रक होता. जॅक्सन थोडा वेळ त्याला साहाय्य करी आणि उरलेला वेळ आघाडीत घालवी. डार्सी जायबंदी झाला की सारा भार जॅक्सनवर पडे आणि त्याचे गुण चढत. फॅन्टसी खेळणारे हजारो लोक डार्सीच्या घोट्याची आणि गुडघ्याची बातमी वाचीत बसत ती कोणत्या भावनेने, हे उघड लिहिणे सभ्यपणाचे होणार नाही. खुर्चीवरच्या साहेबांची प्रकृती चौकशीपूर्वक विचारणारे दुय्यम अधिकारी मी पाहिले आहेत, म्हणून मला त्या भावनेची ओळख आहे.

प्रत्यक्ष मैदानावरही हा दुहेरीपणा आजचा नाही. रॉन बरासीचे वडील १९४१ साली तोब्रुकला युद्धात पडले. पुढे वडिलांच्या संघातील सहकारी आणि मेलबर्नचे प्रशिक्षक नॉर्म स्मिथ ह्यांच्या घरी हा मुलगा राहिला. तो रकसाठी लागतो तेवढा उंच नव्हता, आणि रकच्या पायाशी घुटमळून चेंडू टिपणाऱ्या चपळ लहानग्यांच्या मानाने धिप्पाड होता. दोन्ही जुन्या जागांत तो बसेना. स्मिथने पोराला कापले नाही, जागा कापून बेतली. उडीही घेईल आणि खाली पडलेला चेंडूही उचलेल असा ‘रक-रोव्हर’ त्याने बरासीच्या रूपाने उभा केला. १९५५ पासून १९६४ पर्यंत मेलबर्नने जिंकलेल्या सहा अजिंक्यपदांत बरासी होता. आजच्या फॅन्टसीच्या यादीत त्याच्यापुढे कोणता शिक्का मारला असता, ह्यावर चिरंजीवांशी माझा दोन रविवार वाद झाला आणि तो अनिर्णित आहे. अलीकडच्यांत मला लोभ आहे तो जिलाँगच्या मार्क ब्लिकाव्ह्सचा. हा मुळात अडथळ्यांच्या शर्यतीत धावणारा. २०१३ साली तो लीगमध्ये उतरला, रक झाला, कडेने धावला, बचावात प्रतिपक्षाच्या अव्वल आघाडीवीराच्या पाठीशी उभा राहिला. आणि क्लबचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून २०१५ साली गौरवला गेला आणि २०१८ सालीही. ॲडम गूड्सने २००३ आणि २००६ साली लीगचे सर्वोच्च ब्राउनलो पदक मिळवले. रक, मध्य, आघाडी अशा जागांची त्याला नावेच काय ती निराळी होती.

तथापि सगळेच गूड्स नसतात. हंगाम चालू असताना ठरावीक फेऱ्यांनंतर नवे शिक्के जाहीर होतात. कोणी पुरेसा वेळ नव्या जागी खेळला असेल तर त्याला दुसरी जागा मिळते. जुनी त्या हंगामात काढून घेत नाहीत. ही यादी यायची असली की आमच्या स्पर्धेत दिवाळीच्या फराळासारखी लगबग असते. गेल्या हंगामात तीत तिशी ओलांडलेल्या एका गड्याचे नाव आले. बारा वर्षे मधल्या फळीत गाजवल्यावर प्रशिक्षकाने त्याला बचावात धाडले होते, कारण मध्ये एक विशीचा पोरगा उगवला होता. सूनबाईंना आनंद झाला. तो त्यांच्याकडे होता आणि आता त्याला बचावात घालून त्यांना मध्ये नवा घेता येणार होता. त्याच संध्याकाळी मी त्या गड्याची मुलाखत पाहिली. ‘संघाला जेथे माझी गरज आहे तेथे मी खेळेन,’ अशा अर्थाचे तो काही बोलला. शब्द परिचयाचे वाटले. चौतीस वर्षांत मी ते अनेक निरोपसमारंभांत ऐकले आहेत, दोनदा स्वतः उच्चारलेही आहेत. उच्चारताना मनुष्य कोणाकडे पाहत नाही.

आपण, म्हणजे हे मासिक वाचणारी बहुतेक मंडळी, ह्या शिक्क्यांचे जुने ग्राहक आहोत. कोलकात्यात मला मराठी नाटकापासून श्रीखंडापर्यंत कोणत्याही विषयाचा अधिकारी समजतात. साताऱ्याकडच्या आमच्या गावी मला ‘कलकत्तेकर’ म्हणतात, आणि त्यापूर्वी मी ‘ग्वाल्हेरकर’ होतो. शिक्का नेहमी मागल्या सालचा असतो. नोकरीच्या आरंभी मला बांधकामांच्या आणि महसुलाच्या अशा दोन्ही प्रकारच्या हिशेबतपासणीचा अनुभव होता, एवढ्यावरून एका जून महिन्यात माझी शिलाँगला रवानगी झाली. मूळ जागेवर माझा धारणाधिकार, ज्याला आपण कचेरीत लिअन म्हणतो, तो राखलेला होता. शिलाँगचा पाऊस, पत्र्यावरचा त्याचा आवाज आणि नवपरिणीत सौ.चा चेहरा ह्यांविषयी येथे लिहीत नाही. सहा महिन्यांनी मला एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ मला अपरिचित. मी शिलाँगला गेल्यामुळे तेथले एकजण गुवाहाटीला सुटले होते, त्यांच्यामुळे आणखी एक कोठे, आणि त्या साखळीच्या टोकाला हे गृहस्थ पुण्यास पोहोचले होते. कोणत्याशा टिपणीत माझे नाव त्यांच्या दृष्टीस पडले असावे. त्यांनी लिहिले होते की, आईच्या अखेरच्या चार महिन्यांत मी तिच्याजवळ राहू शकलो, म्हणून आपले आभार. मी त्या माणसाला आजवर पाहिलेले नाही.

धारणाधिकाराची गोष्ट निघाली म्हणून दुसरी एक सांगतो. मागल्या वर्षी मुलाने दूरध्वनीवर संघाची बोलणी संपल्यावर विचारले, “बाबा, इथलं नागरिकत्व घ्यावं म्हणतो. तुमचं काय मत?” अकरा वर्षे तो तेथे आहे, माझी नात जन्मानेच तेथली. ऑस्ट्रेलियाला उभयपदी नागरिकांचे वावडे नाही. २००२ पासून तेथल्या माणसाने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले तरी त्याचे पहिले जात नाही. लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहात मात्र असा मनुष्य बसू शकत नाही. २०१७ साली बार्नबी जॉइस नावाचे उपपंतप्रधान वडिलांकडून न्यूझीलंडचेही नागरिक निघाले आणि त्यांची जागा गेली. मग ते परकीय नागरिकत्वातून मोकळे होऊन पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून आले. आपला कायदा मुळातच एकपदी आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले की आपले संपते. नंतर जे कार्ड मिळते त्याच्या नावात ‘भारतीय नागरिक’ हे शब्द आहेत खरे, पण त्याने मत देता येत नाही, सरकारी नोकरी करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र ती येऊ शकते. हे सारे मला कलमांसह ठाऊक होते, आणि मुलाला हे ठाऊक होते की ते मला ठाऊक आहे. तरी त्याने विचारले.

मी त्याला विचारले, “तेथे मतदान सक्तीचे आहे ना?”

“नागरिकांना. मी गेली अकरा वर्षं रांगेच्या बाहेर उभा राहून सॉसेज खातोय.”

तेथे मतदानकेंद्राच्या दाराशी शाळेची मंडळी भाजलेली सॉसेजे विकतात, त्याला उद्देशून हे होते. मुलगी ज्या शाळेत जाते तिच्याविषयी, ज्या रस्त्यावरून तो रोज जातो त्याविषयी त्याला बोलण्याचा अधिकार नव्हता. आणि येथली मतदारयादी त्याला कधीच विसरली होती. मी म्हणालो, “घे.” सौ. आत कणीक मळीत होत्या. परातीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

समारंभ तेथल्या नगरसभेच्या सभागृहात झाला. प्रत्येकाला त्या देशातील एका झाडाचे रोप देतात म्हणे. त्याचे रोप नातीने हातात धरलेले छायाचित्र आमच्याकडे आहे. पासपोर्ट रद्द होऊन परत आला तो त्याने मला दाखवला, कोपरा कापलेला. ज्या दिवशी तो पासपोर्ट पहिल्यांदा घरी आला त्या दिवशी आम्ही ग्वाल्हेरला होतो, आणि पोस्टमनला मी पेढा दिला होता.

आमच्या गावची दोन एकर जमीन माझ्या नावे आहे. निवृत्तीला दहा महिने उरले आहेत. कोठे राहणार, असे सारे विचारतात, सौ.ना येथले मासळीचे वाण आणि शेजारची बोस मंडळी सोडवत नाहीत, आणि मला कृष्णेचा घाट. सध्या आम्ही दोघे रविवारी उशिरा खेळणाऱ्या गड्यासारखे आहोत, अजून कुलूप पडलेले नाही.

ह्या हंगामात माझ्या बचावाच्या बाकावर जो दोन शिक्क्यांचा पोरगा होता, त्याच्या येण्या-जाण्यावर मी चार वेळा संघ सावरला. तोवर तो एकाही सामन्यात उतरला नव्हता. मग एका शनिवारी दोघेजण जायबंदी झाले म्हणून त्याच्या संघाने त्याला प्रथमच घेतला. पदार्पण करणाऱ्याला जर्सी घरच्या माणसाच्या हातून द्यावयाची, अशी पुष्कळ क्लबांत पद्धत आहे. मुलाने मला ते चित्रण धाडले. बाप शेतकरी असावा, मान उन्हाने रापलेली. चारसहा वाक्ये पाठ करून आला होता, त्यांतले एकही त्याला धड म्हणता आले नाही. त्या दिवशी माझे बावीसही गडी धडधाकट होते, त्यामुळे पोराला बाकावरून हलवण्याचे कारण नव्हते. त्याचे एकेचाळीस गुण झाले. बाकावरचे गुण बेरजेत धरीत नाहीत. मी ते वहीच्या समासात लिहून ठेवले.